सौदा निघतो तेव्हा

बाबा लातूरहून परत आले की आई आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची, मग हातातल्या पिशवीकडे. आमचं गाव औसा तालुक्यात. माल टेम्पोत टाकून बाबा पहाटे निघायचे आणि दिवस मावळता यायचे. खिशात आडतीची, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानातली, हिशोबाची पट्टी असायची, चार घड्या घातलेली. ती पट्टी बाहेर निघायच्या आधीच आईला भाव कळलेला असायचा. चहा टाकायचा, की नुसतं पाणी देऊन गप्प बसायचं, हे ती त्या चेहऱ्यावरून ठरवायची. मी आणि माझी बहीण, आम्हीही बघून बघून तेच शिकलो. पण तो चेहरा ज्या जागी तसा व्हायचा, ती जागा आम्ही तिघींपैकी एकीनंही पाहिली नव्हती. आडतीवर बायकांनी जायची पद्धतच नव्हती.

बाबा गेल्याला आता सहा वर्षं झाली. मी लातुरात फोटो स्टुडिओ चालवते. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, डोहाळजेवणं. मार्केट यार्ड माझ्या दुकानापासून स्कूटीवर दहा मिनिटं. तरी चौदा वर्षांत कॅमेरा घेऊन तिकडं जावं असं एकदाही मनात आलं नाही. आलं ते थेट मुंबईत, दलाल स्ट्रीटवर उभी असताना.

२०२४ च्या मे महिन्यात एका लग्नाच्या कामासाठी मुंबईला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला तो फोर्टात काढला. सेन्सेक्सच्या बातमीत टीव्हीवर दिसते ती उंच इमारत, फिरोज जीजीभॉय टॉवर, पहिल्यांदाच समोरून पाहिली. तिथला ब्राँझचा बैल आपल्या शेजारच्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवलेला आहे, हे माहीत होतं, म्हणून त्याच्याजवळ थोडी जास्तच थांबले. आत जायची परवानगी माझ्याकडे नव्हती. बाहेरच्या गल्लीत दोन-अडीच तास फोटो काढले. सँडविचच्या गाडीवर उभ्यानं जेवणारी पोरं, काखेत फायली धरून पळणारा शिपाई, दोन्ही कानांना दोन फोन लावलेला एक माणूस. चहाच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ भेटले. उभी हयात दलालाच्या पेढीवर गेलेली. मी कशाचे फोटो काढते आहे ते त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच सांगायला लागले. शेअर बाजाराची संस्था १८७५ ची. त्याच्याही आधी दलाल लोक टाऊन हॉलच्या बाजूला वडाच्या झाडाखाली जमायचे. पुढं इमारती आल्या, त्यात रिंग आली. रिंगमध्ये शेकडो माणसं एकाच वेळी ओरडायची, हातांनी खुणा करायची. कुठून कोण काय बोललं ते कान सरावलेल्या माणसाला बरोबर कळायचं. "पंच्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि रिंग गप्प झाली," ते म्हणाले. "आता आत गेलात तरी फोटो कशाचा काढणार?"

रात्री लातूरच्या गाडीत मला ते वाक्य झोपू देईना. भाव बनतो ती जागाच आता डोळ्यांना दिसत नाही. बाहेर दिसतात ती त्या भावावर पोट भरणारी माणसं. आणि आमच्याकडं मात्र भाव अजून तोंडानं बोलला जातो, हातानं चाचपला जातो, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. ई-नाम, म्हणजे शेतमालाचा ऑनलाइन सरकारी बाजार, २०१६ साली सुरू झालं आहे. पडद्यावरची बोली आज ना उद्या सगळीकडे येणार, आणि त्यातून शेतकऱ्याचं भलं झालं तर मला आनंदच आहे. पण माझ्या बाबांचा चेहरा ज्या आवाजात घडायचा, तो आवाज बंद व्हायच्या आत मला बघायचा होता.

लातूरची ओळख शिकवणीच्या वर्गांमुळं झाली ती अलीकडे. मूळ गाव बाजाराचं. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये इथं पोचली आणि १९१७ मध्ये गंजगोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा आराखडा, मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा एका रस्त्याला, चपलांची दुकानं दुसऱ्याला, गूळ-मिरची आणखी कुठं. धान्याचा मोठा व्यवहार आता मार्केट यार्डात चालतो. सोयाबीन, तूर, हरभरा. आसपास डाळमिली आणि सोयाबीनचं तेल काढणारे कारखाने असल्यामुळं खरेदीदार इथंच आहेत. म्हणून धाराशिव, नांदेड, बीडकडचा शेतकरीसुद्धा माल काढायच्या आधी फोन करून विचारतो, "लातूरला काय निघालं?"

पावसाळ्यात बाजार समितीत अर्ज दिला. कशासाठी, किती दिवस, फोटोंचं पुढं काय करणार, सगळं लिहून दिलं. परवानगीचा कागद मिळाला. दसरा झाला, सोयाबीनची आवक वाढली, आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी तो कागद पिशवीत घालून शेडात जाऊन उभी राहिले.

पहिल्याच आडतीसमोर कॅमेरा काढला तर मालक गादीवरून उठून बाहेर आले. "पेपरवाल्या काय मॅडम? भाव पडला की येताव तुम्ही." मी कागद पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, "कागद समितीचा हाय. माल त्या माणसाचा हाय. त्याला इचारलाव का?"

ढिगाच्या मागं डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक शेतकरी उभा होता. त्याला मी विचारलं नव्हतं. लग्नात नवरीच्या आईला विचारल्याशिवाय मी खोलीत पाऊल टाकत नाही, आणि इथं एका माणसाच्या हंगामभराच्या कष्टाच्या ढिगावर लेन्स रोखून मोकळी झाले होते. त्या दिवशी एकही फोटो न काढता परत आले. ते मालक पुढं चांगले ओळखीचे झाले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी हटकलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग आईकडून बाबांच्या जुन्या पट्ट्या मागून घेतल्या. तिनं त्या सगळ्या जपून ठेवलेल्या, वर्षवार, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. पट्टीवरचं नाव वाचत वाचत बाबांची आडत शोधली. मुनीम अजून तेच. पांढरे झालेले केस, कानावर पेन. मी गावाचं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वाळवून माल आणणारा माणूस होता." माझ्या बाबांबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं. अंगणात सोयाबीन पसरलं की आम्ही दोघी बहिणी अनवाणी त्यात पाय ओढत चालायचो, दाणा खालीवर व्हावा म्हणून. दिवसातून चार वेळा. ते वाळवणं या माणसाच्या लक्षात होतं.

त्या आठवड्यात मी तिथं पोत्यांच्या थप्पीवर नुसती बसून राहिले, कॅमेरा पिशवीत. आधी कामाचा क्रम समजून घेतला. पहाटेपासून गाड्या लागतात. हमाल कट्टे पाठीवर घेऊन उतरवतात, आडतीसमोर ताडपत्रीवर ओततात, ढीग होतो. बायका चाळणी मारतात, माती-काडी वेगळी काढतात. गाडीवरच पोती बघायची असतील तर परखी लागते. परखी म्हणजे टोकाला निमुळती, वरून उघडी लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसली की आतले दाणे तिच्यातून घरंगळत हातात येतात. नमुन्याचा माल पोटलीत बांधून दाखवतात, त्याला पोटलीचा भाव म्हणतात. मग सौदा. सौदा झाला की मापाडी काट्यावर तोलतो, हमाल दाभण-सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवतात, थप्पी लागते. आणि शेवटी मुनीम पट्टी करतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम. वर्षाचा हिशोब तळहाताएवढ्या कागदावर येतो.

फोटो काढायला लागले तेव्हा पहिले पंधरा दिवस वाया गेले असं मी आज म्हणेन. रोज तीनशे-चारशे फोटो आणि सगळे एकासारखे एक. उघडी तोंडं, वर गेलेले हात, गर्दी. सौद्याचा कल्लोळ मला इतका नवा होता की मी त्याच्याच मागं धावत होते. घरी आल्यावर फोटोतली ती तोंडं बघताना कळायचंच नाही, ही माणसं भांडतायत, हसतायत की बोली लावतायत. आवाज फोटोत येत नाही, एवढी साधी गोष्ट समजायला मला दोन आठवडे लागले.

लेन्सही चुकत होती. लग्नात मी लांबची लेन्स वापरते, सत्तर-दोनशे. मंडपाच्या टोकाला उभं राहून नवरीचे डोळे टिपता येतात. तीच इथं लावली तर प्रत्येक फोटो चोरून काढल्यासारखा दिसायचा, आणि तो तसा होताही. ती काढून पस्तीस एमएमची लावली आणि शेवटपर्यंत तीच ठेवली. पस्तीसनं माणसाचा फोटो घ्यायचा तर चार फुटांवर जावं लागतं. चार फुटांवर गेलं की समोरच्याला तुम्ही दिसता. तो नको म्हणू शकतो. कितीतरी जण नको म्हणाले, आणि मी कॅमेरा खाली केला.

लेन्स न बदलण्याचं दुसरं कारण धूळ. सोयाबीनचं बारीक फोलपट आणि माती हवेत सतत तरंगत असते. दुपारी उन्हाची तिरीप पडली की ती सोन्यासारखी दिसते आणि कॅमेऱ्यात शिरली की काळ्या डागासारखी. मी लेन्सच्या जोडावर कागदी चिकटपट्टी गुंडाळायचे, रोज रात्री ब्लोअर मारायचे, तरी तिसऱ्या आठवड्यात सेन्सरवर ठिपका आलाच. उजेडाची वेगळीच अडचण. शेडला पत्रा, त्यात मधेमधे पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे. त्यामुळं उजेडाचे पट्टे पडतात. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा काळोखात. मी उजेड दाण्यांवर मोजायचं ठरवलं. ढीग नीट दिसला पाहिजे, मग माणूस थोडा अंधारात गेला तरी चालेल. यार्डात सगळे जण ढिगाकडंच बघत असतात, तर माझ्या कॅमेऱ्यानंही तिकडंच बघावं.

आणि रंग ठेवले. सुरुवातीला मला वाटलं होतं की काळेपांढरे करावेत, बाजाराचे फोटो तसे भारदस्त दिसतात. एकदा संगणकावर एक फोटो काळापांढरा केला आणि दचकले. त्यात दोन ढीग होते. एक पिवळाधमक, दुसरा पावसात सापडलेला, डागी, करडा. काळ्यापांढऱ्यात दोन्ही ढीग सारखेच दिसायला लागले. त्या दोन रंगांमधल्या फरकावर दोन घरांची दिवाळी ठरली होती. तो फरक पुसायचा अधिकार मला नव्हता.

भाव दिसतो कुठं, हे मला एका खरेदीदाराच्या हातानं दाखवलं. तो हात मी अजून डोळे मिटून सांगू शकते. आधी ढिगाच्या वरून नाही, कडेनं कोपरापर्यंत हात आत घालतो, खालचा माल बघायला. मूठ बाहेर काढून तळवा पसरतो. अंगठ्यानं दाणे एकीकडं सारतो, बारीक वेगळे, फुटके वेगळे. एक हलकी फुंकर मारतो, फोलपट उडून जातं. मग एक दाणा दाढेखाली. कट्ट असा आवाज आला तर वाळलेला, दाणा दबला तर ओला. यंत्र आलंय ओलावा मोजायला, बारा टक्क्यांचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तरी दाढ आधी. हे सगळं होईतो पंधरा-वीस सेकंद जातात. तेवढ्या वेळात ढिगामागचा शेतकरी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, तळव्याकडं बघतो. त्याला माहीत असतं, तोंडातून काय निघणार ते तळव्यावर आधीच ठरतंय.

तिथून माझे फोटो बदलले. मी ओरडणाऱ्यांकडं पाठ करून ढिगामागच्या माणसाकडं बघायला लागले. बोली दहा-दहा, वीस-वीस रुपयांनी चढते आणि मग एका आकड्यावर थांबते. आडत्या मान वळवून शेतकऱ्याकडं बघतो. "देऊ का?" असं तो विचारेलच असं नाही, नुसता बघतो. आणि शेतकऱ्याची हनुवटी एवढीशी खाली जाते. झाला सौदा. ती हनुवटी खाली जायची वेळ कॅमेऱ्याच्या हिशोबानं अर्धा सेकंदसुद्धा नसेल. सहा महिन्यांत ती मला नीट मिळाली ती अकरा वेळा.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. माझ्यासमोर बोली त्याच्या बरीच खाली थांबत होती. हमीभावाची सरकारी खरेदी होती, पण नोंदणी करा, ओलाव्याच्या अटीत बसा, पैशाची वाट बघा, आणि दिवाळी तर तोंडावर. पोरांना कपडे, मजुरांची देणी, रब्बीचं बियाणं. यार्डात जो तो २०२१ ची आठवण काढायचा. त्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. पुढं डिसेंबरात सेबीनं, म्हणजे बाजारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. ते कशाला, त्यानं काय झालं, यावर चहाच्या गाड्यावर रोज वाद. शेतकऱ्यांच्या हातातल्या फोनवर शिकागोचा भाव, इंदूरचा भाव, पामतेलाची बातमी. असा एक फोटो माझ्याकडं आहे. पाय चिखलानं भरलेले, बाजूला न शिवलेली पोती, आणि ढिगाला टेकून बसलेला तरुण फोनवर जगाचा आलेख सरकवून बघतोय. दलाल स्ट्रीटवरच्या दोन फोनवाल्या माणसाची तेव्हा मला आठवण झाली. लक्ष्मीपूजनाला मुंबईत शेअर बाजारात तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. त्याच सणाला इथं आडतीत नव्या वहीवर स्वस्तिक काढून काट्याला हळदकुंकू लावत होते.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. एका शेतकरीकाकांचा फोटो मी त्यांना विचारून काढला होता. सौदा झाल्यावर ते ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून, रिकाम्या होत चाललेल्या ढिगाकडं बघत होते. फोटो चांगला आला होता. मी तो एका ओळखीच्या माणसाला मोबाइलवर पाठवला, केवळ कौतुकानं. त्यानं पुढं पाठवला. चार दिवसांत तो फोटो "कर्जबाजारी बळीराजा" अशा ओळीखाली गावोगाव फिरला.

काका मला शोधत यार्डात आले. सोबत पुतण्या. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ताई, माझ्यावर बँकेचा एक रुपया न्हाई. पोरीची सोयरीक चालू हाय. पाव्हण्यांनी फोटू बघितला. त्यांना काय सांगू?" मी त्यांच्यासोबत त्यांच्या गावी गेले, मग पाहुण्यांच्या गावी गेले, फोटो कुठं आणि कसा काढला ते सांगितलं. तो माणूस त्या क्षणी काय करत होता तेही सांगितलं. काकांनी मला वाटेत सांगितलं होतं ते. काटा चालू होता आणि ते मनात कट्टे मोजत होते, एवढंच. सोयरीक टिकली. लग्नाचे फोटो मी काढले, पैसे घेतले नाहीत. पण फिरलेला फोटो परत आणता येत नाही. अजूनही अधूनमधून कुणाच्या तरी मोबाइलवर तो मला दिसतो आणि पोटात कालवतं.

तेव्हापासून मी मोबाइलवर कोणाला काही पाठवलं नाही. ज्याचा फोटो, त्याच्या हातात कागदावरची प्रत. सहा बाय आठ, स्टुडिओतच छापायची आणि आठवड्याच्या आत द्यायची. पट्टीवरचं नाव, गाडीचा नंबर, खात्याचा आकडा फोटोत आला तर तो फोटो बाजूला. आणि माणूस काय करत होता ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचं, तारीख, माल आणि निघालेला भाव यांच्यासकट. ती वही नसती तर पुढची गोष्ट घडली नसती.

शेड झाडणाऱ्या बायकांबद्दल मला वेगळं लिहायला हवं, इथं थोडक्यात सांगते. सौदे संपले, थप्प्या लागल्या की त्या येतात. खराट्यानं, मग हातानं, फरशीच्या फटीत अडकलेला दाणासुद्धा वेचतात. मातीमिश्रित धान्य सुपात घेऊन पाखडतात. त्यांच्यातल्या एका आजीनं मला विचारलं, "आमचा कशाला काढतीस माय? आमच्या मालाला कुठं सौदा ऱ्हातो?" तिचा फोटो मला मिळाला तो सूप वर उडालेलं, दाणे हवेत आणि माती वाऱ्यावर तिरकी जाताना. पाचशेचा शटर, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, लावला होता, दाणा न् दाणा मोजता येतो. प्रत दिली तेव्हा तिनं बोट ठेवून खरंच मोजायला सुरुवात केली.

येळवशीला यार्ड रिकामं असतं. डिसेंबरच्या शेवटी आलेली वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळं गणगोत शेतात. ज्या हमालमामांच्या पाठीचे मी दोन महिने फोटो काढत होते, त्यांनी मला त्यांच्या भावाच्या रानात बोलावलं. तिथं ते आंबिलीची घागर डोक्यावर घेऊन बांधावरून चालत आले. कट्टा उचलताना त्यांची मान आत ओढलेली असते, नजर पायांपुढच्या दोन हातांवर. घागरीखाली तीच मान ताठ होती आणि ते समोर बघत होते. ज्वारीच्या हिरव्या रानातला हा फोटो मी बाजाराच्या फोटोंमध्येच ठेवला आहे.

मार्चमध्ये हरभऱ्याची आवक जोरात असताना मी थांबायचं ठरवलं. सतरा-अठरा हजार फोटो झाले होते. त्यातले साठ छापले आणि एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून जमिनीवर मांडले. कोणाच्या शेजारी कोण, हे काही केल्या जमेना. आई आली होती दवाखान्याच्या निमित्तानं. खुर्चीवर बसून वरून बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग काठीनं एका फोटोला टेकून म्हणाली, "ह्याला बरा मिळाला."

मी वही काढली. तारीख जुळवली. त्या दिवसाच्या वरच्या भावात त्याचा माल गेला होता.

"हा?" मी दुसरा दाखवला. ती वाकली. "ह्याचा ओला होता. पण ह्याला ते माहीत होतं." वहीत लिहिलेलं: ओलावा जास्त, पाऊस, वाळवायला जागा नाही. तिसऱ्याला म्हणाली, "हा घरी जाऊन खोटं सांगणार." त्याचं वहीत काही नव्हतं. पण मला आठवलं, तो माणूस मुनिमाकडून पट्टी घेतल्यावर माझ्याकडं बघून उगाच हसला होता.

अकराच्या अकरा हनुवट्या तिनं ओळखल्या. नऊ वहीशी जुळल्या. ज्या दोन जुळल्या नाहीत, त्यांतल्या एकाबद्दल ती अजून म्हणते की माझी वहीच चुकली असेल. मग तिनंच फोटो लावले. वरच्या ओळीत बरा भाव मिळालेले, खाली पडलेले, असं नाही केलं तिनं. संध्याकाळी घरी ज्या क्रमानं माणसं पोचतील त्या क्रमानं लावले. जवळच्या गावचे आधी, लांबचे शेवटी. मी एक शब्द बदलला नाही, एक फोटो हलवला नाही.

प्रदर्शन यार्डातच भरवलं, एका शेडच्या कडेला, अमावस्येला सौदे नव्हते त्या दिवशी सुरू करून चार दिवस. खांबाला खांब सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो अडकवले. दुसऱ्या दिवसापासून भोवती सौदे चालूच होते. फोटोंवर धूळ बसायची, संध्याकाळी मी ती पुसायचे. लोक फोटोत आधी माणूस शोधायचे नाहीत, माल बघायचे. "हे पेंडीला जाणार." "ह्याचं बियाण्याला ठेवायचं होतं." पहिल्या दिवशी हटकणारे मालक आले, सावकाश सगळे बघितले आणि शेवटी एवढंच विचारलं, "सगळ्यांना इचारून ना?"

तिसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. ती पहिल्यांदाच यार्डात आली. मुनीम गादीवरून उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला. तिनं चहा घेतला नाही. आधी ढिगाशी गेली, खरेदीदारासारखाच कडेनं हात आत घातला, मूठभर हरभरा काढला, बघितला, परत टाकला. मग मुनिमांना विचारलं, "ते कुठं उभारायचे?"

मुनिमांनी बोट दाखवलं. दाराच्या उजव्या हाताला दुसरा खांब. तिथं, माणसं टेकून टेकून, रंग उडालेला होता. आई तिथं जाऊन उभी राहिली. पाठ खांबाला लावली. समोर बघितलं, मग डावीकडं, मग मान थोडी लांब करून पुन्हा डावीकडं.

"इथून काटा दिसत नाही की गं," ती म्हणाली.

मुनीम काही बोलले नाहीत. मी चार फुटांवर होते. कॅमेरा वर केला तसं आईनं हात आडवा धरला, म्हणाली, "थांब. पदर नीट करू दे," आणि पदर खांद्यावरून ओढून घेऊन पुन्हा काट्याच्या दिशेला बघायला लागली.